हिवाळा संपायच्या आत

"पुढचा हिवाळा नको," तो म्हणाला. "हाच हवा. जेवढा उरलाय तेवढ्यात बसवा."

सहलींच्या ऑफिसातल्या बाईने कॅलेंडर पुन्हा त्याच्याकडे फिरवलं. फेब्रुवारी अर्धा सरला होता. उत्तरेकडच्या आकाशात नाचणारा तो हिरवा प्रकाश, नॉर्दर्न लाइट्स, मार्चअखेरपर्यंतच बघता येतो. मग तिकडच्या रात्री आखडत जातात आणि सीझन संपतो.

"व्हिसालाच वेळ जाईल, काका. त्यात चंद्र मोठा असला की तो प्रकाश फिका पडतो. किनाऱ्यावरच्या गावांना ढग फार, आतल्या गावांची विमानं भरलीत. सप्टेंबरात परत सुरू होईल. तेव्हा निवांत जा ना."

"निवांत जाता आलं असतं तर तुमच्यापुढे हात जोडले असते का?"

त्याने खरंच हात जोडले होते. बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. तो एका बेकरीत भट्टीवर कामाला होता, कायमचा रात्रपाळीला. संध्याकाळी घरातून निघायचा आणि उजाडल्यावर पावाचा वास घेऊन परतायचा. आज न झोपता तसाच इथे आला होता. शेजारच्या खुर्चीत त्याची मुलगी बसली होती. कॉलेजात जाणारी, पण घरात अजून चिऊच.

दोन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की तिच्या डोळ्यांचे पडदे निकामी होत चाललेत. इलाज नाही. वर्ष, फार तर दीड वर्ष, आणि तोवरही नजर कमी कमीच होत जाणार. डॉक्टर त्यानंतरही बराच वेळ बोलत होते, पण त्याच्या कानात काही शिरलं नाही. मग एका पहाटे बेकरीतल्या टीव्हीवर त्याने तो हिरवा प्रकाश पाहिला आणि ठरवून टाकलं. पोरीची नजर आहे तोवर तिला हे दाखवायचं.

तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. कामावरून आला की तो आंघोळसुद्धा न करता चिऊशेजारी बसायचा. कुठल्या गावात आभाळ मोकळं, कुठे वस्ती कमी, चंद्र कधी मावळतो, सगळं फोनवर शोधायचा. गावांची नावं तो हमखास चुकीची म्हणायचा. चिऊ ती सुधारून द्यायची. तो पुन्हा चुकायचा आणि दोघं हसायची. "यंदा सूर्य तापलाय म्हणे, म्हणून प्रकाशही जोरात," तो सांगायचा. "तापलेली भट्टी वाया घालवायची नसते."

आता मात्र त्याला हसू येत नव्हतं.

"तुमचा आपला नन्नाचा पाढा," तो बाईवर उखडला. "हे गाव नाही, तो आठवडा नाही. अहो, मी तिला पाठुंगळी घेऊन डोंगर चढेन. पण एक रात्र द्या. तिला दिसेल अशी फक्त एक रात्र!"

त्याचा आवाज चिरकला. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. चिऊ मान खाली घालून बसली होती. बाईचा सूर एकदम मऊ झाला.

"थांबा. जंगलात काही लाकडी घरं आहेत, ती मिळतात का बघते. आसपास एक दिवा नाही. पण आधीच सांगते, फोटोत दिसतं तसं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. काळोखात बराच वेळ उभं राहावं लागतं. डोळे सरावले की मग कुठे दिसायला लागतं." ती चिऊकडे वळली. "तुला अंधारात नीट दिसतं ना गं?"

"दिसतं की," बापच म्हणाला. "अजून तरी तिला सगळं दिसतं."

"नाही दिसत," चिऊ म्हणाली.

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"दिवसा दिसतं, बाबा. अंधार पडला की संपलं. मी चांदण्या बघितल्या त्याला दोन वर्षं झाली असतील. या आजारात आधी तेच जातं. डॉक्टर सांगत होते, तुमचं लक्ष नव्हतं."

अंधार पडल्यावर तो कधी घरात नसायचाच. संध्याकाळी जिना उतरताना आई तिचा दंड धरते, हे त्याला कुठून माहीत असणार?

"मग मला हे सगळं करू का दिलंस?" तो कसाबसा म्हणाला. "वेड्यासारखा धावतोय मी. एका शब्दाने सांगायचंस."

"डॉक्टरांकडून आल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलणंच सोडलं होतंत," चिऊ म्हणाली. "माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतात. मग हे लाइट्सचं निघालं, आणि तुम्ही रोज सकाळी माझ्याजवळ येऊन बसायला लागलात. म्हटलं, चालू दे अजून थोडे दिवस."

बाईने हलकेच कॅलेंडर मिटलं.

तो उठला आणि थेट दारापर्यंत गेला. बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन पडलं होतं. एक हात दाराच्या मुठीवर ठेवून तो तसाच उभा राहिला. चिऊही उठली, तिने खांद्याला पर्स अडकवली. पण तो मागे फिरला. त्याने आपली खुर्ची उचलून तिच्या खुर्चीला चिकटवली, तिला खाली बसवलं आणि स्वतःही बसला.

"ताई," तो म्हणाला, "रात्रच होत नाही अशी एखादी जागा आहे का हो जगात?"

"आहे की," बाई म्हणाली. "हीच सगळी गावं, काका. फक्त जूनमध्ये जायचं."