हळद लावलेली पत्रिका

पोस्टमननं दिलेलं पाकीट उंच धरून श्रद्धा नाचतच शेजारच्या घरात शिरली. "आत्या, आली! खरी पत्रिका आली!"

तिनंच मागवली होती ती, गुपचूप.

त्याआधी अहिल्याआत्यासाठी नागपूरहून तिच्या भाच्याचा, अनयचा, ईमेल श्रद्धाच्या कम्प्युटरवर आला होता. सोबत लग्नाची पत्रिका. 'आत्या, छापायच्या आधी बघ. काही चुकलं असेल तर सांग.' आत्यानं चष्मा पुसून पडद्यावरची ओळन् ओळ वाचली, एक वेलांटी दुरुस्त करायला लावली आणि दिवसभर गुणगुणत राहिली. राग आला तो श्रद्धाला. साऱ्या जगाला कागदावर आमंत्रण, आणि आत्याला नुसता काचेवरचा उजेड!

आत्यानं लग्न केलं नव्हतं. भाऊ इथं भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होता तोवर अनय तिच्याच अंगाखांद्यावर वाढला. मग ते सगळे नागपूरला गेले. तेव्हापासून या घरात बोलायचा तो रेडिओच. पोराला आपण अजून आपल्या माणसांतल्या वाटतो की नाही, एवढा एकच घोर तिच्या जिवाला लागलेला.

म्हणून श्रद्धानं अनयला मेल ठोकला होता : 'आत्याला छापील पत्रिका धाडा. तिचा मान आहे.'

आत आत्या बॅग भरत बसली होती. हळदीच्या आठ दिवस आधी पोचायचं, म्हणून साड्या, मुगाच्या वड्या, पापड, सगळं पसरलेलं.

"कोनाची व्हय वं?"

"कोनाची म्हंजे? अनयदादाची! पाहा तं, चारही कोपऱ्यायले हळद! आता कशा मानाच्या आत्या शोभता तुमी!"

आत्यानं पाकीट हातात घेतलं. वर सुबक अक्षरांत छापलं होतं : श्रीमती अहिल्याबाई, सहपरिवार. तिनं ते दोनदा वाचलं. कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग बॅगेतून एकेक साडी काढून कपाटात ठेवायला लागली. एकच आत राहू दिली.

"हे काय, आत्या? उद्या जाऊन राह्यल्या ना तुमी?"

"लग्नाच्या दिवशी जाईन. अक्षता टाकीन, जेवीन, संध्याकाळच्या बसनं वापस."

"काहून पन?"

आत्यानं बॅगेची चेन ओढली.

"पोरी, घरच्याले कोनी पत्रिका धाडते काय?"