पंधरा तारखेचं पान

"चौदा तारीख, पाऊस शून्य." कारकुनाने पिवळ्या पडलेल्या पानावर बोट ठेवलं. "तुमच्या दाखल्यात आहे तेच. अकरा वर्षांनी काय बदलणार, बाई?"

थोरलीचा चेहरा उतरला. घड्या पडून पडून फाटायला आलेला दाखला तिने पुन्हा पर्समध्ये ठेवला. आईने तो एवढी वर्षं उशाखाली जपला होता.

हवामान केंद्राचं ते दप्तर तळघरात होतं. पावसाच्या नोंदी सांभाळणाऱ्या खोलीच्या भिंतींनाच ओल आली होती. कारकुनाने सवयीने पान उलटलं. ज्या दिवसाच्या पानाची नक्कल दिली, त्याच पानामागे घेणाऱ्याची सही आणि कारण, अशी तिथली पद्धत. मागे आईची सही होती, कारण म्हणून 'घरगुती' एवढंच.

"या कोण?"

"माझी आई. दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणाले, आज-उद्याचं काही सांगता येत नाही."

कारकुनाने चष्मा काढला. कामाची घाई त्याला नव्हती, वर्षाला चार माणसंसुद्धा तिथे फिरकत नसत. "मग इथे काय करताय?"

तिने सांगितलं. त्या दिवशी दुपारी तीनला वडिलांच्या छातीत कळ आली. आईने धाकट्या भावाला फोन केला. तो दुसऱ्या गावी कामाला. म्हणाला, निघालोच. शेजारचे मास्तर गाडी काढून दारात उभे होते. आईने त्यांना परत पाठवलं. माझा मुलगा येतोय, तुम्हाला कशाला त्रास. सहाला वडील गेले. हा उगवला आठला. म्हणे पुलावर पाणी होतं, वाटेत आभाळ फाटलं होतं.

"घरी एक थेंब नव्हता, काका. महिन्याने आई स्वतः इथे आली आणि पुलाजवळच्या केंद्राचा हा दाखला घेऊन गेली. त्याच्यापुढे टाकला. तेव्हापासून त्याच्याशी बोलली नाही."

"आणि तो?"

"मुकाट ऐकून घेतलं. आठवड्याने परत आला, वाटलं आता तरी काही बोलेल. आई तेव्हा मास्तरांपाशी रडत होती. याच्या भरवशावर तुमची गाडी परत पाठवली हो, म्हणत होती. हा दारातूनच मागे फिरला."

आता तीन दिवस धाकटा दवाखान्याच्या बाकावर बसून होता. तो आत आला तर मी डोळे मिटून घेईन, असं आईने बजावलं होतं. सकाळी थोरली इकडे निघाली तेव्हा तो म्हणाला, "ताई, नको जाऊस. आहे तसंच राहू दे." तिच्या मनात तेव्हा पाल चुकचुकली होती. खरं बोलणारा माणूस असं का म्हणेल?

"पाऊस किती वाजताचा म्हणाला तो?" कारकुनाने विचारलं.

"चार-साडेचारचा."

"मग तुम्ही चुकीचं पान बघताय." तो खुर्चीतून उठला. "मापकातलं पाणी आम्ही सकाळी साडेआठला मोजतो आणि त्या सकाळच्या तारखेला लिहितो. चौदाच्या दुपारी पडलेला पाऊस पंधराच्या पानावर येणार. लोकांना ठाऊक नसतं, आणि विचारल्याशिवाय आम्ही सांगत नाही. आमचीही चूकच."

त्याने पुढचं पान काढलं. एकशे चाळीस मिलिमीटर. शेऱ्यात लिहिलं होतं, 'दुपारी चारनंतर अतिवृष्टी, पूल बंद.'

थोरलीला रडू आवरेना. अकरा वर्षं. एका पानाच्या फरकाने अकरा वर्षं, आणि मीसुद्धा त्याच्यावर संशय घेतला. आईचे डोळे उघडे आहेत तोवर हा कागद तिच्यापुढे धरायचा, लेकाचा हात तिच्या हातात द्यायचा. झालं.

"लवकर द्या, काका. रिक्षा थांबवून ठेवलीय."

कारकुनाने नक्कल लिहिली, शिक्का मारला, मग पान उलटून तिच्यापुढे सरकवलं. "इथे सही करा, आणि कारण."

ती पेन घेऊन वाकली. तिथे आधीच एक सही होती. आईच्या सहीनंतर आठ दिवसांची, धाकट्याची. शेजारी कारण होतं, 'आईला दाखवण्यासाठी'. त्यावर आडवी रेघ मारली होती, आणि खाली त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नक्कल परत केली. तिला सोसणार नाही.'