अप्रेंटिस

बस रे रावज्या, तुझ्या काकाची एक गोष्ट आईक. महाडला एका उस्तादाच्या ग्यारेजात मी उमेदीची वर्षं काढली. इंजिनाचं टायमिंग, म्हंजी वॉल अन् पिस्टनचा मेळ, लावायची येळ आली की उस्ताद म्हणायचा, “जा, चाय घेऊन ये.” परत येतो तर बॉनेट बंद! विचारलं तर वर म्हणायचा, “माझी भाकर खायची हाय काय तुला?” आता हितं पोलादपुरात माझं दुकान हाय, पण टायमिंगची गाडी आली की अजून त्याच्याकडंच धाडतो. कटाळलो रे. काल तू म्हणालास, मुंबईत मोटारीच्या ग्यारेजात सरकारात नाव नोंदलेला अप्रेंटिस हायस. उस्तादाला सगळं शिकवावंच लागतं, शिकतानाबी पगार मिळतो. मग पोरा, बाहेर टायमिंग बिघडलेला, घाटातनं ओढत आणलेला ट्रक उभा हाय. मला टायमिंग लावायला शिकव.