पाठीला पाठ

हिंदी मुलखातल्या कुक्षी गावच्या बी.एड. कॉलेजात वर्गात घ्यायच्या व्यायामांची परीक्षा होती. जोडीदाराच्या पाठीला पाठ लावून बसायचं आणि हात न टेकता दोघांनी उठायचं; उठला तो पास. आम्ही एकतीस जण. पंधरा जोड्या जमल्या, मी उरलो. सर म्हणाले, “भिया, तू दीवार के साथ कर ले.” भिंतीनं पूर्ण सहकार्य केलं, पण ती उठेना. तेव्हा परीक्षक अलकाताई पदर खोचून माझ्यामागे बसल्या. “यादीत आडनाव वाचलं. मराठी ना रे? जेवत जा, मणके टोचतायत.” देवासचं घर सोडल्यापासून सहा महिन्यांत माझ्याशी कुणी मराठीत बोललं नव्हतं, टेकणं तर दूरच. त्यांची पाठ उबदार होती. “तीन म्हटलं की ऊठ.” त्यांनी तीन म्हटलं. मी पाय सैल सोडले. “अरे, जोर लाव!” “लावतोय, ताई.” पाचव्या तीनला मी नापास झालो.