नवा येईपर्यंत

"अजून थोडा थांब," खेमा म्हणाला. "नवा प्रोसेसर येऊन राह्यला. आता घेतला तं मंग पस्तावशीन."

दौलतसिंगानं काउंटरच्या काचेकडे नजर लावली. शेजारी उभ्या पोराच्या, विनोदच्या, तोंडाकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही. खेमाला हे बोलायला दौलतसिंगानंच सांगितलं होतं.

विनोदनं दोन-चार प्रश्न विचारले. नव्याला हाच बोर्ड चालेल का, जुन्याची किंमत उतरेल का, गेम खेळताना गरम किती होईल. खेमानं उत्तरं दिली. मागच्या रविवारीही प्रश्न हेच होते आणि उत्तरंही हीच. शेवटी विनोद म्हणाला, "मंग थांबू, बा. घाई काय हाय?"

दौलतसिंग जऊळक्याजवळच्या तांड्यावरचा. जमीन बरी होती, विहिरीला पाणी होतं. पैसे तर तो पहिल्या रविवारपासून खिशात घेऊनच येत होता. अडलं होतं ते दुसरीकडेच.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या सोयरिकीला पाहुणे आले होते. विनोद आतल्या खोलीत गेम खेळत बसला होता. हाक मारली, आला नाही. पुन्हा मारली, तरी आला नाही. एक पाहुणा हसून काहीतरी बोलला. दौलतसिंग उठून आत गेला, वायरी तोडून कम्प्युटर उचलला आणि सगळ्यांदेखत अंगणातल्या फरशीवर आपटला.

तुकडे गोळा करून विनोदनं पोत्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी मालेगावला निघून गेला. तिथं कृषी केंद्रावर काम धरलं, खोली केली. तो कम्प्युटर पोरानं ऊसतोडीच्या कमाईतून एकेक भाग जमवून उभा केला होता, हे त्याच्या आईनं, गोमतीबाईनं, नंतर सांगितलं. नवऱ्याला ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीला विनोद आला नाही. फोन करायचा, पण आईला. बाप जवळ आहे असं कळलं की बोलणं आटोपतं घ्यायचा.

चुकलं, हे शब्द दौलतसिंगाच्या तोंडून निघणारे नव्हते. त्यानं बायकोकरवी निरोप धाडला, कम्प्युटर भरून देतो. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं. मालेगावात खेमाच्या दुकानात या, रविवारी.

खेमा विनोदचा कॉलेजातला दोस्त. त्या पहिल्या रविवारी बाकीचं सामान पसंत झालं, प्रोसेसरचं तेवढं राहिलं. बाहेर पडल्यावर दोघं समोरच्या टपरीवर टेकले. चहा अर्धा झाल्यावर विनोदनं विचारलं, "मायचा गुडघा कसा हाय?" मग म्हैस व्याली का, ते विचारलं. एवढंच. पण परत जाताना दौलतसिंगाला गाडी बाजूला घ्यावी लागली. रस्ता धड दिसत नव्हता.

सामान मिळालं की पोराला आपल्यापाशी काय काम उरणार, हे त्याला गाडीवरच उमगलं. दुसऱ्या दिवशी त्यानं खेमाला फोन लावला. नवा येणार हाय म्हण, थांब म्हण, पण माझं नाव घेऊ नको. खेमा हसला नाही, कारणही विचारलं नाही. "बरं काका," म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी दुकान आणि मग टपरी. हळूहळू चहाबरोबर आलुबोंडे आले. विनोद कृषी केंद्रावरच्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगू लागला. दौलतसिंग हसायचा, आणि हसता हसता त्याला आपलीच लाज वाटायची. पहिल्यांदा पोराची वस्तू फोडली होती. आता पोराला झुलवत ठेवलं होतं. घरी गोमतीबाई विचारायची, घेतला का? तो म्हणायचा, दुकानवालाच थांबा म्हणते.

मग एका रविवारी खेमा गिऱ्हाइकात अडकला होता. विनोद दाखवायला ठेवलेल्या कम्प्युटरपुढे बसला आणि सहज एक गेम लावला. बोटं भराभर चालू लागली. मान पुढे झाली, ओठ दाताखाली आला. लहानपणी विहिरीत पहिली उडी मारताना त्याचं तोंड असंच झालं होतं. दौलतसिंग पाहत राहिला. मग विनोदनं गेम मधेच बंद केला, उठला आणि म्हणाला, "चाला बा, चहा घेऊ."

दौलतसिंगानं चहा अर्धाच ठेवला आणि गाडी काढली.

मंगळवारी तो एकटाच खेमाच्या दुकानात आला. पैसे काउंटरवर ठेवले.

"पसंत केलेलं सगळं सामान काढ," तो म्हणाला. "प्रोसेसर आज हाय तोच टाक. आताच त्याच्या खोलीवर जाऊन बसवून दे. म्या तुले खोटं बोलाले लावलं, ते मीच सांगतो त्याले. मंग तो भेटो नाई तं न भेटो."

खेमा जागचा हलला नाही. त्यानं पैसे हळूच परत दौलतसिंगाकडे सरकवले.

"काहून? सामान नाई काय?"

"सामान हाय, काका."

"मंग काढ ना."

खेमानं बाहेर टपरीकडे एकदा पाहिलं.

"त्याच्या खोलीवर कम्प्युटर हाय," तो म्हणाला. "प्रोसेसरसकट. मीच बसवून देल्ला. तुमी पयल्यांदा दुकानात आले ना, त्याच्याही आधी."