संपावर गेलेला कॅमेरा

“हे कोणी मानणार नाही, पण या कॅमेऱ्यानं एकदा संप केला होता,” भिंग पुसता पुसता म्हातारा फोटोवाला म्हणाला.

पडद्यासमोर अकरा माणसं दाटीवाटीनं उभी होती. बारावी, धाकटी सून, दाराशी पोचली होती. कडेवर सहा वर्षांचा मुलगा, हुं हुं करत हात नाचवणारा.

सासूबाईंनीच सांगितलं होतं, “तू त्याला घेऊन बाहेर बस. तो हलतो, फोटो बिघडतो. तुमचा दोघांचा नंतर काढू.”

“हो आई,” ती म्हणाली होती. गेल्या तीन फोटोंतही ती ‘नंतर’च होती.

“असंच मोठं कुटुंब होतं,” फोटोवाला सांगू लागला. “त्यातले आजोबा भारी कडक. सुनेला म्हणाले, तुझ्या लेकीला काही कळत नाही, तिला घेऊन पायरीवर बस. बसली बिचारी. मी बटण दाबलं. ढिम्म! पुन्हा दाबलं, तर दिवा फुटला. तिसऱ्यांदा स्टँडनं एक तंगडी उचलली आणि कॅमेरा माझ्याकडे पाठ करून उभा!”

“काहीतरीच!” थोरली जाऊ खिदळली.

“आईशपथ! शेवटी आजोबा स्वतः उठले, दोघींना आत घेऊन आले. मी बटणाला हात लावायच्या आधीच खट्! आपणहून फोटो. आणि त्या पोरीइतकं छान कोणी आलं नव्हतं.”

सगळे हसले. सासूबाईही हसल्या, मग ओशाळल्या. “ये गं आत. तिथं काय उभी राहिलीस? माझ्या शेजारी ये.”

सून आत आली. फोटोवाल्याची बायको कंगवा घेऊन पुढे झाली. रोजचंच काम असल्यासारखा तिनं मुलाचा नाचरा हात धरला, एकेक बोट दाबत राहिली. तो शांत झाला. तिनं त्याचा भांग पाडला.

सून बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, “काका, त्या आईला वाईट नाही वाटलं?”

“छे! फोटो पाहून खूश झाली. त्याच दिवशी सगळं विसरूनसुद्धा गेली.”

बायकोनं कंगवा खाली ठेवला. नवऱ्याची दुमडलेली कॉलर सरळ केली.

“खोटं. कॅमेरा पहिल्याच फटक्यात चालला होता. आणि मला पायरीवर बसायला तुमच्या वडिलांनी नव्हतं सांगितलं, तुम्ही सांगितलं होतंत.”