जुलैतलं बोलावणं

“शाल लोकरीचीच आणा, मावशी. तुम्ही स्वतः विणलेली,” टीव्हीवाला अनीस फोनवर म्हणाला. “स्टुडिओत एसी फार थंड असतो.”

मस्ऊदाने खिडकीबाहेर पाहिलं. जुलैची दुपार होती आणि गाबेस शहरातल्या त्या गल्लीत मांजरसुद्धा दिसत नव्हतं. तरी ती लगेच हो म्हणाली. गेली वीस वर्षं ती माग चालवत होती. कुणा टीव्हीवाल्याने तिच्या शालीचं नाव काढायची ही पहिलीच वेळ.

टीव्हीवाल्यांचा फोन तिला नवा नव्हता. चार वर्षं तो येत होता, पण फक्त जानेवारीत. तेवीस जानेवारी म्हणजे देशातली गुलामी बंद झाल्याचा दिवस. त्या दिवशी सगळ्यांना काळ्या बायकांची आठवण यायची. तिला खुर्चीवर बसवायचे आणि विचारायचे, काळं असणं कसं वाटतं? विणकामाचा विषय काढेपर्यंत वेळ संपलेली असायची. चोवीस तारखेला तिला कुणी ओळख दाखवत नसे.

यंदाच्या जानेवारीत तिने अनीसला साफ नाही म्हणून सांगितलं होतं. “ईदच्या मेंढ्याला मेंदी लावून मिरवतात, तसं मला मिरवू नका. वर्षात अजून अकरा महिने असतात. त्यातल्या एखाद्यात बोलवा, धावत येईन.”

खरं कारण तिची मुलगी होती. चौदा वर्षांची रिहाब रोज सकाळी इस्त्री लावून केस सरळ करायची. टाळू भाजली तरी थांबायची नाही. शाळेतही तिला ढोल वाजवायला मंचावर चढवत, ते त्याच एका दिवशी. “वर्षभर विचारतात, तू कुठून आलीस? आणि त्या दिवशी म्हणतात, तू आमचीच,” ती म्हणायची. “शाळा संपली की मी इथे राहायची नाही, आई.” ज्या मातीत सात पिढ्या गेल्या तिथे पोरीला पाहुण्यासारखं वाटावं, हे मस्ऊदाला सहन होत नव्हतं. तिच्या जिवाला तो एकच घोर होता.

म्हणून जुलैतल्या फोनची बातमी तिने आधी रिहाबला दिली.

“जुलैत? तुला? कशाबद्दल?”

“लोकरीबद्दल.”

“काहीतरीच.”

“मंगळवारी दहाला टीव्ही लाव आणि बघ. लाइव्ह असतो तो कार्यक्रम.”

रिहाबने इस्त्रीकडे पाहिलं. मग म्हणाली, “तू खरंच दिसलीस ना, तर मी ती इस्त्री फेकून देईन. आणि इथेच राहीन, जा.”

मंगळवारी पहाटे मस्ऊदा स्फाक्स शहरातल्या स्टुडिओत जायला वडापात बसली. शेजारच्या माणसाने तिला फ्रेंचमध्ये विचारलं, कोणत्या देशातून आलात? तिने अस्सल गाबेसच्या बोलीत उत्तर दिलं. “गाबेसची. मंझिल मोहल्ल्यात घर आहे.”

“तसं नाही, मूळच्या कुठल्या?”

“खजुराच्या झाडाला विचारता का, मूळचं कुठलं म्हणून? तुम्ही कुठले?”

“स्फाक्सचा.”

“मूळचे?”

मागच्या दोन बायका तोंडाला ओढणी लावून हसल्या. एरवी अशा प्रश्नाने तिचा अख्खा दिवस नासायचा. आज तिने बाहेरची जैतुनाची झाडं बघत हरिसाची तिखट चटणी लावलेला पाव खाल्ला, आणि त्या माणसालाही अर्धा दिला.

अनीस स्टुडिओच्या दारातच भेटला. “बघा मावशी, जुलैत बोलावलं की नाही? तुमची अट पाळली.”

“देव तुमचं भलं करो,” ती मनापासून म्हणाली. एवढ्या पोरसवदा माणसाने आपला शब्द लक्षात ठेवला, याने तिला भरून आलं.

पावडर लावणाऱ्या मुलीने तिच्या खांद्यावर शाल नीट बसवली. एसी चालू होता, पण दिव्यांपुढे त्याचं काही चालत नव्हतं. सूत्रसंचालन करणारी हेला समोर येऊन बसली. तिने गळाबंद स्वेटर घातला होता आणि कपाळ सारखं टिपत होती. टेबलावर संत्र्यांची परडी होती. मस्ऊदाने एक हळूच दाबून पाहिलं. प्लास्टिकचं निघालं.

“लोकरीबद्दल विचाराल ना?” तिने विचारलं.

“विचारणार तर. अख्खा भाग तुमचाच आहे, मावशी.”

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पावडरवाली मस्ऊदाची पिशवी घेऊन आली. “फोन केव्हाचा थरथरतोय. बंद करू?”

मस्ऊदाने वाकून पाहिलं. रिहाबचे तेरा कॉल येऊन गेले होते. शेजारच्या शादलियाचेही चार. गल्लीतल्या बायका सकाळपासून मस्ऊदाच्याच घरात टीव्हीपुढे जमणार होत्या. नऊ वाजताच रिहाबने तिला फोटो पाठवला होता. केस धुतलेले, मोकळे, जन्मतः होते तसे कुरळे. असा फोटो पोरीने तीन वर्षांत काढू दिला नव्हता.

“करा बंद,” ती हसून म्हणाली. “धीर म्हणून नाही माझ्या पोरीला.”

तिने पाठ ताठ केली. लोकर कुठून येते, ती कुणी धुवायची, पहिला दोरा कुणाच्या आईने शिकवला, सगळं तिने मनात लावून ठेवलं होतं. अनीसने एकेक बोट मिटत उलटे आकडे मोजले. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

हेला कॅमेऱ्याकडे बघून गोड हसली. “शुभ सकाळ, मंडळी. बाहेर थंडी मी म्हणतेय, आणि आज आहे तेवीस जानेवारी.”